तिसऱ्या हाकेची चौकट

बसा. कट्टा उन्हाने तापला असेल, पण सावलीच्या बाजूला चौघे सहज मावतात. त्या फावड्याला मात्र धक्का लावू नका, सकाळीच आणून ठेवले आहे. आणि अहो छत्रीवाले, चौकटीत उभे राहून फोटो काढायचा तर आधी चपला काढा. उंबरा आहे तो. मागे घर नाही म्हणून काय झाले?

तर ही ती चौकट. नीट पाहून घ्या. उजवीकडे भिंत नाही, डावीकडे नाही, वर छप्पर नाही, आणि भर गल्लीत ही सागवानी चौकट दोन्ही फळ्यांसकट एकटी उभी. फळ्यांवर तांब्याच्या फुल्या आहेत. त्यांतल्या वरच्या फुलीला एक किल्ली टांगलेली दिसेल. तिचे कुलूप कधीच गंजून मातीत गेले, पण किल्लीला आजवर कोणी हात लावलेला नाही, तुम्हीही लावू नका. नगरपालिकेने हा रस्ता दोनदा रुंद केला, एकदा सिमेंटचा केला, पण दर वेळी रस्ता चौकटीला वळसा घालून गेला. टेंपोवाले शिव्या देतात आणि वळतात.

पाहुणे विचारतात, देऊळ आहे का? नाही. कोणाची समाधी? तीही नाही. एका तांबटाच्या घराची ही चौकट. कसबे हिवरडीत बंद घरापुढे चावडीची हाक होते आणि तिसऱ्या हाकेला गल्लीतले कोणीतरी 'आहे' म्हणते, ती रीत इथून पडली असे सांगतात. आज चार वाजता तशीच हाक व्हायची आहे, त्या समोरच्या कुलपापुढे. मागच्या दोन गुरुवारी दोन झाल्या, आजची तिसरी. त्या घरवाल्याचे नाव मात्र माझ्यापुढे काढू नका, आमचे वीस वर्षे बोलणे बंद आहे. चाराला अजून अवकाश आहे. तोवर ऐका.

फार जुनी गोष्ट. तेव्हा नगरपालिका नव्हती, चावडी होती, आणि चावडीवर अण्णाजीपंत नावाचे कारभारी बसत. माणूस भलताच कडक. वाटेवर सोडलेले सांडपाणी, रस्त्यात सरकलेला उकिरडा, दारात पडलेले मेलेले जनावर, यांतले काहीही त्यांना खपत नसे. पटकीच्या साथीत त्यांनी अर्धे गाव जाताना पाहिले होते, म्हणून असेल. त्यांनी गावाला नेम घालून दिले. त्यांतला एक बंद घरांचा. ज्या घराला कुलूप आहे आणि ज्याच्या पडझडीचा, तणाचा, विंचूकाट्याचा लोकांना उपद्रव आहे, त्याच्या दाराशी लागोपाठ तीन गुरुवारच्या बाजारांना चावडीच्या माणसाने हाक द्यायची, 'घरात कोणी आहे का?' आतून 'आहे' असे आले, की पुढच्या बाजारापर्यंत सवड, तेवढ्यात घर सावरायचे, नाही सावरले तर पुढची हाक. तिसऱ्या हाकेलाही कोणी बोलले नाही, तर बेलदार पहारी घेऊन येणार, घर उतरवणार आणि जागा गावाकडे जमा होणार.

ही हाक देणारा माणूस म्हणजे सटवाजी पुकारे. आवाज काय त्याचा! चावडीच्या पायरीवर उभा राहून त्याने दवंडी दिली की ओढ्यापलीकडच्या मळ्यात मोट हाकणारे बैल थांबवून ऐकत, म्हणे. घरात तो आणि एकुलती एक लेक मैना. बायको पटकीतच गेली होती. त्या वेळी सटवाजीही अंथरुणाला खिळला होता आणि मैना रांगत होती. गावाने भीतीने दारे लावून घेतलेली. हा पाण्यासाठी हाका मारतोय, आणि एवढ्या आवाजाच्या माणसाचा आवाज स्वतःच्या उंबऱ्यापर्यंत जात नाही. तेव्हा एकच माणूस दार ढकलून आत आला, खेमाजी तांबट. "आहे रे, मी आहे," म्हणाला. मैनाला उचलून आपल्या बायकोच्या ओटीत नेऊन घातले आणि पुढचे पंधरा दिवस स्वतःच्या हाताने याला पाणी पाजले. सटवाजी जगला तो त्या पाण्यावर.

पुढे मैना मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली. त्याच सुमारास खेमाजीला कुठल्याशा लांबच्या देवस्थानाने कळसाचे काम सांगितले. बायकोला गाडीत बसवून तो निघाला. जाताना घराची किल्ली सटवाजीच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "दिवाळीपर्यंत येतो. तोवर घराकडे बघ."

"जा बिनघोर," सटवाजी म्हणाला. "मी आहे."

दिवाळी आली, गेली. अशा नऊ दिवाळ्या गेल्या. खेमाजीचा निरोप नाही, सांगावा नाही. आणि सटवाजी घराकडे बघत राहिला. बघ म्हणाला होता ना, म्हणून नुसता बघत राहिला! रोज सकाळी चावडीवर जाताना इथे थांबायचा, कमरेची किल्ली चाचपायचा, कुलूप जागेवर आहे ना ते पाहायचा आणि पुढे जायचा. किल्ली एकदाही कुलपात घातली नाही.

हसताय काय? त्याच्या जागी तुम्ही असता तर हेच केले असते. हिवरडीत दुसऱ्याच्या बंद घराला हात लावणे म्हणजे त्या घरावर डोळा असणे. शेजाऱ्याच्या परसातली वाळकी फांदी तोडली तरी गाव म्हणायचे, आज फांदी, उद्या परस, परवा घर. आळ काय असतो ते मला विचारा. समोरच्याने भर पंचांत माझ्यावर वीतभर जागा बळकावल्याचा आळ घेतला होता. जाऊ द्या. सांगायचे ते हे, की कोणी कोणाची गळती लिंपत नसे, कोणाच्या भिंतीतला निखळलेला दगड परत बसवत नसे. सटवाजी तर नीतीला फार जपणारा माणूस. उद्या खेमाजी आला आणि म्हणाला, माझ्या माघारी कुलूप का काढलेस, तर त्याला तोंड कसे दाखवायचे? या एका धास्तीपायी नऊ वर्षे किल्ली कमरेलाच राहिली. आत वाळवीने तुळया पोखरल्या, माळवदाच्या छपरावर गुडघाभर गवत वाढले, कौलाएवढ्या भेगांत पिंपळ रुजला.

नवव्या वर्षी हस्ताचा पाऊस लागला तो खळेना. गल्लीकडच्या भिंतीला पोट आले. ओढ्यावर पाण्याला जायची वाट तेव्हाही हीच होती, त्या भिंतीच्या अगदी बुडाशी. सकाळी घागरी घेऊन जाणाऱ्या बाया, गुरे घेऊन जाणारी माणसे, सगळी त्या पोटाखालून जायची. पाऊस उघडला की मातीचे ढेकूळ वाटेत पडलेले दिसायचे. एकदा कोणाच्या तरी घागरीवर पडले आणि घागर फुटली. गल्लीतल्या लोकांनी चावडीवर जाऊन गाऱ्हाणे घातले, आणि अण्णाजीपंतांनी सटवाजीला सांगितले, "येत्या गुरुवारी तांबटाच्या दारी पहिली हाक दे."

आजवर सटवाजीने पाच-सहा घरांपुढे हाका दिल्या होत्या. तिसऱ्या हाकेनंतर बेलदार कसे येतात, पहारीने चौकट कशी उपटतात, हे त्याने उभे राहून पाहिले होते. तेव्हा त्याला कधी काही वाटले नव्हते, खोटे कशाला बोला? आता वाटायला लागले. खेमाजी परत येणार, हातात गाठोडे, आणि समोर मोकळी जमीन. विचारणार, 'सटवाजी, तू होतास ना?' हे दृश्य त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

गुरुवार उजाडला. बाजारामुळे गल्ली रिकामी. सटवाजी दाराशी गेला, घसा खाकरला आणि हाक दिली, "घरात कोणी आहे का?"

आत वाळवी खाल्लेली तुळई करकरली, बाकी काही नाही. सटवाजीने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, फळीच्या फटीला तोंड लावले आणि हळूच म्हणाला, "आहे."

आणि चावडीवर जाऊन सांगितले, "आतून आवाज आला, पंत."

मनाशी म्हणाला, यात खोटे ते काय? आवाज आलाच की! माणूस स्वतःला फसवायला लागला की किती हुशार होतो पाहा. पंतांनी भुवई वर केली, पण नेम तो नेम. म्हणाले, "ठीक. पुढच्या बाजारापर्यंत भिंत सावरायला सांग त्या आवाजाला."

भिंत कोण सावरणार? तो आठवडा सटवाजीला वैऱ्याला येऊ नये असा गेला. घरात भाकरी गोड लागेना. पावसाची सर आली की हा छपरीत येऊन कान देऊन बसायचा, गल्लीच्या बाजूने धपकन काही पडले का म्हणून. सकाळी भिंतीच्या पोटावर वीत धरून मोजायचा. सोमवारी दोन विती होते ते बुधवारी अडीच झाले. मनात यायचे, आत्ता किल्ली लावावी, आत जाऊन टेकू द्यावा. लगेच दुसरे मन म्हणायचे, आता आत शिरलास तर तो आवाज कोणाचा होता हेही गावाला कळेल. एका खोट्याने हात असे बांधले गेले.

त्यातच मैना माहेरी आली होती. पहिल्या खेपेला पोट पडले होते, नंतर किती वर्षांनी दिवस राहिलेले, आणि आता आठवा सरत आला होता. घरात बाप आजवर हातानेच पाणी आणायचा, पण लेक काही ऐकेना. म्हणायची, "बसून बसून पाय आखडतात आबा, लहान घागर आणते." सटवाजीने तिला निक्षून सांगितले, "जायचे तर मारुतीवरून वळसा घेऊन जा. या गल्लीने पाऊल टाकायचे नाही."

"एवढ्या लांबून? का म्हणून?"

"बाप सांगतोय म्हणून."

मैना वळशाने जायला लागली. दुसऱ्या गुरुवारी सटवाजीने दुसरी हाक दिली, पुन्हा फटीला तोंड लावले, पुन्हा तेच. पंतांनी ऐकून घेतले आणि थंडपणे म्हणाले, "आवाज येतो, मग हात का दिसत नाही भिंतीवर? तिसऱ्या हाकेला मी स्वतः येतो. बाजारही येऊ दे."

सटवाजी चावडीतून उतरला आणि गल्लीपर्यंत आला. समोरच्या ओसरीवर भागाबाई परटीण धुण्याच्या घड्या घालत बसली होती. म्हातारी एकटी, तोंडाने फटकळ, सगळ्या गल्लीचे कपडे धुवायची आणि सगळ्या गल्लीला धुवून काढायची. रोज चार-चार खेपा ती त्या भिंतीखालून ओढ्यावर जायची. तिने याला हाक मारली.

"सटवाजी, इकडे ये. एक विचारू? तुझी लेक लांबून का जाते रे?"

सटवाजी ओसरीच्या पायरीपाशी येऊन उभा राहिला.

"दोन्ही गुरुवारी मी इथेच होते," म्हातारी म्हणाली. "पाय सुजलेत, बाजाराला गेले नाही. फटीशी कोण बोलले ते ऐकलेय मी. मित्राचे घर वाचवलेस, बरे केलेस. लेक वाचवलीस, तेही बरे केलेस. आणि आम्ही रे? आमच्या डोक्यावर पडली तर चालते होय?"

म्हातारी रागावली असती तर परवडले असते. पण ती नुसते विचारत होती, आणि तिच्या मांडीवर घडी घातलेले धोतर सटवाजीचेच होते. तो खाली मान घालून घरी गेला. त्या क्षणी त्याला स्वतःची जेवढी शरम वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती, असे सांगतात. दुसऱ्या दिवसापासून तो उजाडताच भिंतीपाशी येऊन उभा राहायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचा, मारुतीवरून जा, मारुतीवरून जा. कोणी ऐकायचे, कोणी म्हणायचे, आत माणूस आहे ना, मग त्याला सांग की भिंत सावरायला!

तिसरा गुरुवार आला. आभाळ भरून आलेले. पंत आले, पहारी घेऊन चार बेलदार आले, बाजार अर्धा टाकून माणसे आली. लांब, गल्लीच्या तोंडाशी मैना उभी राहिली. सटवाजी दारापुढे गेला. आता तीनच वाटा होत्या. हाक देऊन गप्प राहिला तर खेमाजीचे घर आजच जमिनीवर. खोटे बोलावे तर एवढ्या लोकांपुढे फटीला तोंड कसे लावणार? तिसरी वाट होती, तिची त्याला सगळ्यांत जास्त भीती वाटत होती.

त्याने हाक दिली. "घरात कोणी आहे का?"

ओढ्यापलीकडे गेली ती हाक. लोक कान देऊन उभे. मग सटवाजी दाराकडे पाठ करून गावाकडे वळला आणि त्याच आवाजात म्हणाला, "आहे. मी आहे. मागच्या दोन्ही वेळा मीच होतो."

गलका झाला. कोणी म्हणाले, चोर! कोणी म्हणाले, पाहिलेत, घर गिळायला बसला होता, किल्लीसुद्धा आहे याच्याकडे! नऊ वर्षे ज्या बोलण्याची धास्ती घेतली होती ते एका घटकेत सगळे बोलून झाले. सटवाजी ऐकत उभा राहिला. पंतांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले. म्हणाले, "खोट्याची शिक्षा मागाहून पाहू. आज उत्तर आले आहे. नेमाप्रमाणे सावरायचे ते यानेच सावरायचे. दिवस मावळायच्या आत भिंत वाटेवरून निघाली नाही, तर बेलदार आहेतच."

नऊ वर्षांनी किल्ली कुलपात गेली. फिरेना. तेल घातले तेव्हा फिरली. आत अंधार, ओली माती आणि कोपऱ्यात खेमाजीची ऐरण. सटवाजीने तिला हात जोडले, म्हणे. मग माळवदावर चढला आणि भिंतीच्या माथ्यापासून एकेक वीट काढून टोपलीत भरायला लागला. एकटा माणूस, केवढी भिंत! टोपली भरायची, उतरून मागच्या परसात रिकामी करायची, पुन्हा चढायचे. लोक उभे राहून पाहत होते. कोणी वाईट नव्हते हो. पण दुसऱ्याच्या घराला हात लावायचा कसा, एवढेच प्रत्येकाच्या मनात. मैनाने टोपली घ्यायला पाऊल उचलले तसा तो वरून ओरडला, "तिथेच थांब, तुला माझी शपथ आहे!"

तेव्हा भागाबाई उठली. सुजल्या पायांनी चौकट ओलांडून आत आली आणि म्हणाली, "आळ यायचा तो येऊ दे, माझे किती दिवस राहिलेत? दे ती टोपली खाली." आणि त्याने खाली दिलेली टोपली ती घेऊन जायला लागली.

अर्धी भिंत उतरली होती तेव्हा पाऊस आला. सर नव्हे, हस्ताचा पाऊस. सटवाजी माळवदावरून खाली उतरला तोच वरची तुळई मोडल्याचा आवाज झाला. भागाबाई उंबऱ्याच्या आत टोपली उचलत होती. त्याने तिला दोन्ही हातांनी चौकटीबाहेर ढकलले. ती चिखलात पालथी पडली, आणि मागे भिंत, माळवद, तुळया, सगळे एकदम खाली बसले. धुरळासुद्धा उडाला नाही, एवढी माती ओली होती. उरली ती ही चौकट.

मैनाने टाहो फोडला. पंत पुढे धावले. माणूस पुरता घाबरला होता, काय बोलावे ते कळेना, तर जे शब्द तोंडात बसले होते तेच बाहेर आले. ढिगापुढे वाकून ते ओरडले, "घरात कोणी आहे का?"

खालून आवाज आला, "आहे."

मग मात्र गाव तुटून पडले. बेलदारांनी पहारी टाकल्या, म्हणाले पहार लागेल त्याला, हातांनी उपसा. नऊ वर्षे ज्या मातीला कोणी बोट लावले नव्हते तिच्यात सगळ्या गल्लीचे हात गेले. बाजारातले आले, चोर म्हणणारे आले. थोड्या वेळाने पंतांनी पुन्हा हाक दिली. खालून पुन्हा 'आहे' आले, पण इतके बारीक, की पुढच्या चौघांनाच ऐकू गेले. आणखी उपसले. पावसाने वरची माती घसरून परत खाली येत होती. पंतांनी तिसरी हाक दिली.

उत्तर नाही.

पंत थांबले. सगळे थांबले. हात मातीत तसेच राहिले. तिसरी हाक कोरडी गेली की संपले, हे त्या गावाच्या हाडात भिनलेले होते. कोणीतरी डोक्यावरचे पागोटे काढले.

आणि भागाबाई ओरडली. चिखलाने माखलेली, कपाळातून रक्त येतेय, आणि ओरडली, "आहे! मी सांगते ना, आहे! हात कोणी थांबवले? उपसा!"

लोक पुन्हा उपसायला लागले. भागाबाई थांबेचना. आहे, आहे, म्हणत हातांनी माती ओढत राहिली. तिच्यामागून मैना म्हणायला लागली, मग दुसरे कोणी, मग सगळेच. आणि याच उंबऱ्याला, दोन फळ्यांच्या मधे, चौकटीच्या वरच्या लाकडाखाली अंग चोरून बसलेला सटवाजी सापडला. तोंडात, नाकात माती. बाहेर काढून पालथा घातला, पाठ चोळली, तेव्हा कुठे श्वास लागला.

जगला तो. एक पाय गेला. आणि आवाज गेला. छातीत माती बसली ती निघाली नाही. ओढ्यापलीकडे ऐकू जाणारा माणूस नंतर शेजारच्या पाटावर बसलेल्यालाही ऐकू जाईना. पंतांनी वेगळी शिक्षा केली नाही. म्हणाले, झाली ती पुरे. पण नेमात त्यांनी एक ओळ घातली. दुसऱ्याच्या बंद घराला जो गावाच्या साक्षीने हात लावील, त्याने त्या घरावर हक्क सांगू नये, आणि त्याच्यावर कोणी आळ घेऊ नये. मैनाला त्याच आठवड्यात मुलगी झाली. बाळंतिणीची धुणी भागाबाईने धुतली आणि तांदळाचा दाणाही घेतला नाही.

आणि खेमाजी? नाही आला. कधीच नाही आला. सटवाजी काठी टेकत रोज सकाळी इथे यायचा आणि हा उंबरा झाडायचा. आता नुसता बघत नसे. तो गेला तेव्हा मैनाने त्याच्या कमरेची किल्ली काढून त्या फुलीला टांगली. कोणी घरी आला तर त्याला सापडावी म्हणून.

आजही हिवरडीत घर उपद्रवाचे झाले की नगरपालिकेचा माणूस तीन गुरुवार हाक देतो. पहिल्या दोन हाकांना गावात कोणी बोलत नाही, कारण त्या दोन उत्तरांत खोटे होते. तिसऱ्या हाकेला गल्लीतल्या कोणीतरी बाहेर यायचे आणि 'आहे' म्हणायचे. जो म्हणेल त्याने त्याच दिवशी कामाला लागायचे, तण काढायचे, डबकी बुजवायची, भिंत सावरायची. आणि संध्याकाळी निघताना त्या उंबऱ्यावर दोन्ही हात झटकायचे, त्या घराची धूळसुद्धा आपल्यासोबत न्यायची नाही. तिसरी हाक आजवर कोरडी गेलेली नाही, असे सांगतात. पण आज जाईल की काय, असे दर वेळी वाटतेच. तुम्ही हसा, पण मघापासून माझे लक्ष त्या कुलपावर आहे. भिंतीत पिंपळ आलाय, अंगणातल्या डबक्यात डास झालेत, गेल्या महिन्यात दोन घरांत ताप येऊन गेला. आणि गल्लीत या वेळी असते कोण? सगळी माणसे कामाला, पोरे शाळेत.

आला पाहा शिपाई. टोपी सरळ करतोय.

"घरात कोणी आहे का?"

थांबा, बोलू नका कोणी. बघू या कोणी निघते का.

नाही ना कोणी? बरे. ते फावडे द्या इकडे. गुडघा नाही वाकत, पण डबके बुजवायला कशाला गुडघा लागतो? माझ्यावर आळ घेतला त्याने, वीस वर्षे तोंड पाहिले नाही त्याचे. ते राहू द्या आता. सरका, वाट द्या.

"आहे! आहे रे बाबा, मी आहे."